सदूचा वाटा

तर ते खेकड्याचं पाणी घातलेली दारू कुशाबानं घटाघटा पिऊन टाकली, मिशा पुसल्या आणि वर बायकोला म्हणाला, आज चव बरी आली हाय. काल मी इथंच थांबलो होतो आणि तुम्ही सगळे पोट धरून हसत होतात. हसा बापडे. पण ह्या गोष्टीत हसण्याजोगं तेवढंच होतं.

कुशाबा आमचा शेजारी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथे आमची भिंतीला भिंत. त्याची दारू सुटावी म्हणून त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, जो जे सांगेल ते केलं. खेकड्याचं पाणी झालं. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवून काढायचंही झालं. तिथून तो उकडलेल्या रताळ्यासारखा होऊन आला आणि शीण आला म्हणून नेहमीपेक्षा जास्त प्याला. तेव्हा दारूबंदी होती, पण ओढ्याच्या आडोशाला भट्टी लागायचीच.

मुळात हा माणूस पिणाऱ्यातला नव्हता. धाकटा भाऊ सदू गेला आणि हे सुरू झालं. माघात दोघे भाऊ राबासाठी कवळ तोडायला गेले होते. भाताचं रोप टाकायची जागा आधी पालापाचोळा पेटवून भाजून काढतात ना, त्यासाठी झाडाच्या फांद्या छाटायच्या. सदू ऐनाच्या झाडावर, कुशाबा खाली. थंडीची म्हणून एक बाटली नेलेली, अर्धी दोघांनी संपवलेली. सदूनं वरूनच उरलेली मागितली. कुशाबा म्हणाला, आधी खाली उतर, मग देतो. सदूच्या पायाखालची फांदी मोडली. तिच्याबरोबरच तो खाली आला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सावित्री नदीच्या काठी सगळी भावकी उन्हात उभी. म्हातारीला सांभाळू म्हणून झालं, बैल विकणार नाय म्हणून झालं. कावळा समोरच्या फांदीवर, पण उतरेना. शेवटी कुशाबाला ती बाटली आठवली. उरलेली दारू पळसाच्या द्रोणात ओतून त्यानं पिंडाशेजारी ठेवली, आणि कावळा उतरला. भावकीला हायसं वाटलं. आई ठकूबाई मात्र एकच गोष्ट मनाशी घेऊन घरी आली, की आपलं पोर तहानलेलं गेलं.

तेव्हापासून दर अवसेला ऐनाखाली सदूचा वाटा जाऊ लागला. एक द्रोण सदूला, आणि मेलेल्याच्या नावानं नेलेलं परत घरात आणायचं नाय, म्हणून बाटलीत उरेल ती तिथेच कुशाबाला. अवसेची आठवड्यावर आली, आठवड्याची रोजच्यावर.

राहीबाईनं सोडवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण एक दिवस प्यायला नाही की त्याचे हात थरथरायचे, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंगणात सदू यायचा. कमरेला कोयता, केसांत ऐनाचा पाला. "दादा, उरलेली दे." कुशाबा आम्हाला बोट करून दाखवायचा. आम्हाला मोकळं अंगण दिसायचं. भगतानं सांगितलं, मेलेला ह्याच्या तोंडानं मागतोय, द्या. दिली की हात थांबायचे, सदू जायचा. दर खेपेला गुण आला तर कोण नाय मानणार? सगळी वाडी मानत होती.

मग एक दिवस राहीबाई महाडला जुल्फिकार हकिमाकडे निघाली. मला बाजार करायचा होता, म्हणून मीही सोबत. हकीम मोठा गोड माणूस. बरण्यांच्या मधोमध बसून त्यानं सगळं ऐकलं, कावळ्यापासून. भुताला हसला नाही. एवढंच विचारलं, "बाई, मागतो सदू. मग पितं कोण?"

हकिमानं काढा दिला, पेज आणि गुळाचं पाणी पाजत राहायला सांगितलं. अंग कापेल, नको ते दिसेल, एकटं सोडू नका. झटका आलाच तर डोलीत घालून तडक माझ्याकडे आणा. तोंडात थेंब जाऊ दिलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. परतीच्या वाटेवर ही बाई वाडी येईपर्यंत गप्प. मी तीन गोष्टी सांगितल्या, एकीलाही हुंकार नाही.

घरात आल्या आल्या तिनं बाटल्या फोडल्या. दुसऱ्या दुपारी कुशाबाला आम्ही चौघांनी धरून ठेवलं होतं. अंगावर पाला पडतोय म्हणून तो घोंगडीवरनं पाला वेचत होता. एकेक पान चिमटीत धरायचा, बाजूला ठेवायचा. घोंगडीवर पान नव्हतं. पण खरं सांगतो, नुकत्या छाटलेल्या फांदीचा वास माझ्याही नाकात शिरला, आणि मी दाराकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात ठकूबाई आली. पदराखाली बाटली.

"सर गो. माझा लेक तानेला हाय."

"कुठचा, आत्याबाय?"

"धाकटा. तू एकाला राखायला दुसऱ्याला सुका ठेवतेस."

राहीबाई दारातून हलली नाही. "त्यांचं त्यांना ऐनाखाली द्या. सगळी ओता, मी हात धरीत नाय. ह्यांच्या तोंडात नको."

म्हातारी तशीच पाठ फिरवून निघाली. ठेचकाळेल म्हणून मी मागोमाग गेलो. ऐनाखाली तिनं बाटली उपडी केली. पी रे बाळा, पोटभर पी, असं पुटपुटत शेवटचा थेंब पडेपर्यंत धरली. माती ओली झाली, वास सुटला. मग ती घरी आली आणि उंबऱ्यावर बसून लेकाकडे बघत राहिली. आता सदू जाईल, आता हात थांबतील.

हात थांबले नाहीत. कुशाबा ओरडतच होता, आये, तो मागतोय, दे त्याला.

ठकूबाईनं रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. कुशाबाकडे पाहिलं.

"माझा सदू एवढा हावरा नव्हता," ती म्हणाली.

ती उठली, कुशाबाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याच्याबरोबर घोंगडीवरचा तो नसलेला पाला वेचू लागली. वेचता वेचता रडायला लागली. दहाव्यालाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिला वाटत होतं, पोर कुठंतरी जवळच हाय, मागायला येतंय. त्या दुपारी तिचा सदू गेला.

कुशाबा हळूहळू पेजेवर आला, मग भाकरीवर. पुढे त्यानं बाटलीला हात लावलेला कुणी पाहिला नाही. दोनचार वर्षांनी माघातच मी रानातून येत होतो, तर हा त्या ऐनाखाली उभा. कोयता कमरेला तसाच, कवळ तोडलेली नाही. माझ्या जिभेला कुठला दम निघतोय, विचारून टाकलं, काय रे कुशाबा, अजून येतो का तो?

त्यानं वर झाडाकडे पाहिलं आणि सांगितलं,

"येतो की. आल्या आल्या मागतो. मी सांगतो, सदू, दादाकडं आता काय नाय रे. तरी जात नाय, उभाच ऱ्हातो. मग मीबी उभा ऱ्हातो जरा. एकट्याला कसा टाकून जाऊ?"