दोन पोती खंगर आणि माचू पिच्चू

खरगपूर मागे पडलं आणि खिडकीतून दगड दिसेनासा झाला. आधी माझ्या लक्षात आलं नाही. भातशेती, तळं, केळीचं बन, पुन्हा भातशेती. मी आपली कौतुकाने बघत होते. हावडा जवळ आलं तेव्हा एकदम ध्यानात आलं. तासाभरात बांधावर, तळ्याच्या काठाला, घराच्या जोत्याला, कुठेही एक धोंडा दिसला नव्हता. आणि मी कोलकात्याला चालले होते ती लहान मुलांना दगडाची भिंत रचून दाखवायला.

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. बाबा लोकांच्या आवारांचे गडगे (चुना-सिमेंटाशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेली कुंपणं) घालतात आणि आई त्यांना दगड देते. कॉलेजातली माझी मैत्रीण वैशाली नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात असते. तिथल्या मराठी घरांतल्या मुलांसाठी ती दर रविवारी मराठीचा वर्ग घेते. ही मुलं घरी मराठी ऐकतात, उत्तर मात्र हिंदीत नाहीतर इंग्रजीत देतात. वर्गात बारा होती, त्यांतली पाच उरली होती. वर्ग तिथल्या मराठी मंडळाच्या खोलीत भरतो. मंडळाचे सचिव कुलकर्णीकाका यांनी वैशालीला स्पष्टच सांगितलं होतं की या रविवारीही मुलं कंटाळली, तर पुढच्या महिन्यापासून हा तासही नंतरच्या योगवर्गाला जाईल.

वैशालीने मुलांनाच विचारलं होतं, तुम्हाला काय शिकायचंय? पाचही बोटं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. त्यावर माचू पिच्चूचं चित्र होतं, ढगांत डोंगर आणि डोंगरावर दगडी शहर. तिने त्याच दिवशी मला फोन केला. "ह्या भिंती कशा उभ्या राहिल्या ते मला नाही सांगता येणार. तू गडग्यांत वाढलीयस. ये."

दिवाळीची सुट्टी होती. निघताना मी बाबांना विचारलं, चार दगड नेऊ का? ते म्हणाले, "दगड काय, कुठंही मिळतो." आईने पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि दोन नारळ कोंबले. बंगालला नारळ नेणारी मी, दगड तेवढे घरी ठेवून आले.

हावड्याला वैशाली उभी होती. स्टेशनातूनच मेट्रो धरली. ही गाडी नदीच्या खालून जाते. बोगद्यात निळा उजेड लागला तेव्हा डोक्यावरून हुगळी वाहतेय म्हणून मी मान वर करून बघितलं आणि शेजारच्या बाई हसल्या. वैशालीची सहा वर्षांची इरा माझ्या मांडीवर होती. मी मराठीत काही विचारलं की ती मान हलवायची. वैशाली म्हणाली, कळतं तिला सगळं, पण बोलत नाही. तिच्या आजीशीसुद्धा फोनवर नुसती हसते.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी दगड शोधायला निघालो. एस्प्लनेडला फुटपाथवर काय मिळत नाही? चपला, चाकू, चार्जर, देवांच्या तसबिरी. दगड नाही. माशांच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानात पांढरे गोटे होते, पाकीटबंद आणि पॉलिश केलेले. एकावर एक ठेवला की घरंगळायचे. चहावाल्याने भांडात (मातीच्या बिनकानाच्या कपात) चहा दिला आणि आमची तक्रार शांतपणे ऐकून घेतली. "दिदी," तो म्हणाला, "गंगा मैया मिट्टी लाती है. पत्थर रास्ते में ही छोड़ आती है."

चहा संपला तसं त्याने भांड पायाखाली चिरडलं. माती मातीत गेली. मग सहज म्हणाला की वीट चालत असेल तर बजबजच्या बाजूला नदीकाठी भट्ट्या आहेत.

सियालदाहून बजबजची लोकल धरली. प्लॅटफॉर्मवरून खाली रुळांत खडी दिसत होती, काळी, टोकदार, अगदी हवी तशी. वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघूसुद्धा नकोस, ती रेल्वेची आहे. पोरांचा धडा चोरीने सुरू करायचा नाही. गाडीत घुगनी (सुक्या वाटाण्याची उसळ) आणि मुढी (मुरमुरे) खाल्ली. वर कच्च्या मोहरीच्या तेलाची धार होती. डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरा द्रोण घेतलाच.

भट्टी अजून पेटली नव्हती. हंगाम सुरू व्हायचा होता. एक म्हातारी कामकरीण पायाने जमीन सारखी करत होती. वैशालीने तिला "माशी" (मावशी) अशी हाक मारून बंगालीत काम सांगितलं. माशीने चांगल्या विटांची चळत दाखवली. मी मान हलवली. सगळ्या विटा सारख्या असल्या की शिकायचं काय उरतं? माझी नजर मागच्या ढिगाकडे गेली. तो झामा होता (जास्त भाजल्याने काळपट, वेडीवाकडी झालेली वीट, आपल्याकडे खंगर म्हणतात). एक तुकडा दुसऱ्यावर आपटला. खणकन वाजला, थेट दगडासारखा. माशी पोट धरून हसली. लोक चांगली वीट निवडायला येतात आणि ह्या दोघी टाकलेलं निवडतायत, असं काहीतरी ती म्हणाली. मग तिनेच दोन पोती भरून दिली.

परतताना एका पोत्याचा तळ फाटला आणि सियालदाच्या प्लॅटफॉर्मवर खंगर पसरला. एका गृहस्थांनी वाकून चार तुकडे उचलून दिले आणि विचारलं, "घर बना रही हैं?"

मी म्हटलं, "घर नहीं, शहर."

रविवारी दहाला पाच मुलं आली. दाराशी खुर्ची टाकून कुलकर्णीकाका बसले. त्यांनी आधीच सुचवलं होतं की इंग्रजी व्हिडिओ लावा, मुलांना पटकन कळेल. मी नको म्हटलं होतं. मुलांना विचारलं, डोंगर कुणी पाहिलाय? तन्वी नावाची सात वर्षांची मुलगी म्हणाली की आमच्याकडे फ्लायओव्हर आहे. मग मी सांगायला लागले. पेरू देश, इंका नावाचे लोक, सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वीचं शहर. त्यांच्याकडे लोखंडाची हत्यारं नव्हती, चाकाची गाडी नव्हती, आणि त्यांच्या उत्तम भिंतींत दगडांच्या मध्ये ना चुना ना माती. मी आठवडाभर पाठ केलं होतं आणि चांगलंच सांगत होते. पण दहाव्या मिनिटाला एक मुलगा सतरंजीवर आडवा झाला, इरा खिडकीकडे बघायला लागली, आणि काकांनी घड्याळ पाहिलं.

माझ्या हातात वही होती. ती मी मिटली आणि पोतं उलटं केलं.

आमच्या घरी गडगा कसा चालतो, तेवढंच मला पक्कं येत होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात आणि मागे वळत नाहीत. हवा तो दगड ते शब्दांनी मागतात, आणि आई नेमका तोच हातात ठेवते. तोच नियम मी मुलांना घातला. एकाने रचायचं, बाकीच्यांनी द्यायचं. रचणाऱ्याने मागे बघायचं नाही, बोट दाखवायचं नाही. दगड मराठीत मागायचा.

पहिली इरा बसली. तिने पाठीमागे हात केला. मी म्हटलं, हाताला डोळे नसतात. ती इंग्रजीत म्हणाली, "थिक." मराठीत मागितला नाही म्हणून तन्वीने मुद्दाम पातळ तुकडा दिला. तिसऱ्या थराला भिंत कोसळली आणि आडवा झालेला मुलगा उठून बसला. मी दाखवलं की सांध्यावर सांधा आला म्हणून पडली. खालच्या दोन दगडांमध्ये फट असेल, तर तिच्यावर अख्खा दगड बसवायचा. बाबा याला सांधा मोडणं म्हणतात.

इराने पुन्हा सुरुवात केली. मग खालच्या फटीवरून बोट फिरवत राहिली. वैशाली पुढे सरकली, तिला मी हाताने थांबवलं.

"जाड," इरा म्हणाली. "एका बाजूला जाड. दुसरीकडे... लुचीसारखा."

लुची म्हणजे इथली मैद्याची पुरी. तन्वीने ढिगातून बरोबर तोच काढला. तो बसला. मग खोलीत नुसता गलका झाला. नाकवाला दे, पोट सुटलेला नको, अरे तो नाही, त्याचा भाऊ. चार थर झाले. मी सांगितलं की त्या देशात जमीन हलते, आणि खालची सतरंजी हळूच ओढली. भिंत करकरली, दगड हलले आणि परत आपापल्या जागी बसले. एकच पडला.

दारात योगवर्गाच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. कुलकर्णीकाका उठले, अकरा वाजले म्हणाले आणि भिंतीपाशी आले. इराची पाठ त्यांच्याकडे होती. तिने नियमाप्रमाणे मागे न बघता हात पसरला.

"टोकदार द्या."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. वाकून एक तुकडा दिला.

"हा नाही. टोकदार."

काका पँट सावरत खाली बसले आणि ढीग चाळायला लागले. योगवर्ग वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "मार्चपर्यंत चालू द्या. आणि ही विटकरी धूळ पुसून घ्या." मार्चपर्यंत पुष्कळ रविवार येतात. आम्ही धूळ पुसली. मुलांनी भिंत स्वतःच उतरवली आणि तुकडे पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवले.

येताना मी एक खंगर पिशवीत घातला. घरी बाबांनी तो हातात फिरवला, कानाशी धरून हातोडीने हलकेच वाजवला. भाजलेली माती आहे म्हटल्यावर पुन्हा वाजवला. कोलकात्यात दगड नाही, हे त्यांना मी सांगितलंच. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पाहिलं, तर त्यांनी तो नव्या गडग्याच्या सगळ्यात खालच्या थरात बसवला होता, जिथे सगळा भार येतो तिथे.

"किती थर रचले पोरांनी?" त्यांनी विचारलं.

"चार."

"सांधा मोडला?"

"मोडला. पण भिंत काढून ठेवली. खोली दुसऱ्यांना लागते. येत्या रविवारी परत रचणार आहेत."

बाबांनी आईकडे न बघता मागे हात केला, चपटा मागितला आणि बसवला.

"मग टिकेल," ते म्हणाले.