बॉयलरचा धूर आणि टॅक्सची सूट

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या गेटवर हे सुरू झालं. सुपरवायझरभाऊ म्हणाले, सरकारनं दिलेली टॅक्सची सूट संपत आली. वाढली नाही तर मालक कारखाना दुसऱ्या राज्यात नेईल. तेव्हापासून नांदगाव पेठच्या आमच्या शिलाई लाइनवर रोज काही ना काही होतं. जेवणाच्या सुट्टीत सांगायला बसलं तर डबे संपतात, किस्से उरतात.

मी सातवी शिकलेली, टॅक्सचं मला काय कळणार? पण माझं दीड वर्षाचं लेकरू कंपनीच्याच पाळणाघरात असतं, आणि पाळणाघर इस्त्रीच्या वाफेसाठी लावलेल्या बॉयलरच्या मागं. धूर खाली बसला की ते दिवसभर खोकतं. कारखाना गेला तर माझा पगार जातो. राहिला तर खोकला राहतो.

*

लाइनवरच्या जुन्या सुनंदाकाकूंनी भाऊंना विचारलं, बॉयलरमध्ये कोळसा सोडून दुसरं काही जाळत नाही काहून? भाऊ म्हणाले, गॅस महाग पडतो, त्यावर टॅक्स आहे.

"मंग तो टॅक्स धुरावर लावा ना, भाऊ."

*

पूर्वी कटिंगच्या चिंध्या आम्ही गोधडीसाठी घरी न्यायचो. मग ऑफिसनं सांगितलं, चिंधीलाही बिल लागतं, बिलावर टॅक्स. कोणी हात लावायचा नाही. ते बिलाचं लफडं नको म्हणून चिंध्या बॉयलरमध्ये जायला लागल्या.

माझ्या शेजारच्या मशीनवरची मंदा म्हणाली, "पोराच्या अंगावर येनार होतं, ते छातीत गेलं."

*

टॅक्सचे साहेब पाहणीला आले. परदेशातली गिऱ्हाइकं तपासायला येतात तेव्हाची उत्तरं आमची पाठ असतात. साहेबांनी मंदाला विचारलं, रोज किती शर्ट निघतात?

मंदा उभी राहिली. "पानी थंड भेटते, संडास साफ असते, कोनी रागवत नाही."

साहेबांनी लिहून घेतलं.

*

शेवटी सूट वाढली. अट एकच, धुराचा बंदोबस्त करा. मालकानं चिमणी दुप्पट उंच केली. पाळणाघरातला धूर गेला, लेकरू तिथं खोकेनासं झालं. त्या दिवशी मी लाइनवर सगळ्यांना पेढे वाटले.

रविवारी माझी सुट्टी होती, बॉयलर मात्र चालूच होता. कंपनीपासून कोसभर लांब, गावातल्या घरी सासूबाईंनी अंगणात कुरडया घातल्या होत्या. दुपारी कुरडयांवर काळी भुकटी बसलेली. बाजेवर लेकरू खोकत होतं.

"कोठून येऊन राहिलं वं हे?" सासूबाईंनी विचारलं.

मी लेकराला उचलून आत नेलं.

आमच्या गावाकडच्या बायांना एवढं सांगा: वारा कंपनीकडून सुटला की लेकरं अंगणात ठेवू नका.