कोणीही करेल असं काम

भाव पाडायचा असेल तर आधी मालाला नावं ठेवायची, हे मी विठ्ठलवाडीला फ्लेक्स छापत असताना शिकलो. कापड चांगलं असलं तरी म्हणायचं, "पातळ आहे." शाई चांगली असली तरी म्हणायचं, "उन्हात उडेल." बापाचा पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या, या सवयीवरच मी डोंबिवलीत स्वतःचं ऑफिस उभं केलं.

फ्लेक्सचं काम घटलं तेव्हा दुकानदारांच्या जाहिराती सोशल मीडियावर टाकायला लागलो. कोणाची पोस्ट कधी, मंजूर झाली का, कोणत्या जाहिरातीवर किती फोन आले, सगळं माझ्या डोक्यात. एकदा बारावीच्या क्लासच्या पानावर साड्यांचा सेल गेला आणि मी ऑफिसभर ओरडत सुटलो. धाकटी बहीण तेव्हा नोकरी सोडून घरी होती. म्हणाली, "दादा, ओरडू नकोस. मी सॉफ्टवेअर करून देते."

आठ महिने ती त्यात होती. दुकानदार लॉगिन वगैरे करत नाहीत, चॅटवर अंगठा पाठवतात. तीच मंजुरी धरून सॉफ्टवेअरने पोस्ट टाकायची, ही तिची कल्पना. पण साडीवाले काका प्रत्येक 'सुप्रभात'लाही अंगठा द्यायचे आणि अर्धवट पोस्ट जगासमोर जायची. ती दोन दिवस त्यांच्या गल्ल्याशेजारी बसली, ते फोन कसा वापरतात ते बघत. मग त्या पोस्टलाच उत्तर म्हणून दिलेला अंगठा तेवढा धरायचा, असं तिने केलं. काका म्हणाले, "पोरी, माझा अंगठा शहाणा केलास."

पुढे ठाण्याची एक कंपनी ते सॉफ्टवेअर विकत घ्यायला आली. अट अशी की तीन वर्षं बहीणही त्यांच्याकडे हवी. मला तिला द्यायचं नव्हतं. ती माझ्या शेजारीच बसलेली. मी सवयीने बोललो, "तिचं काय घेऊन बसलात? तिने विशेष काही केलेलं नाही. कोणीही करेल असं काम आहे."

तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. व्यवहार फिसकटला.

जिन्यात मी म्हटलं, "अगं, तुला सोडवत होतो."

"मला विचारलंस? आणि आठ महिन्यांत एकदा तरी म्हणालास, चांगलं झालंय?"

मी चिडलो. हे ऑफिस कोणाच्या जिवावर चालतं, ते तिला सुनावलं. महिन्याभरात ती त्याच कंपनीत रुजू झाली.

सॉफ्टवेअर माझ्याकडे राहिलं. ते बिघडल्यावर तीन जणांना बोलावलं. तिघांनाही तो अंगठ्याचा भाग उलगडला नाही. राग मला आजही आहे. सौद्यातलं बोलणं सौद्यापुरतं असतं, हे माझ्याच बहिणीला कळू नये?

परवा टेंभी नाक्याजवळच्या तिच्या ऑफिसात गेलो. तुझं काम चांगलं होतं, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "अर्धी भागीदारी देतो, परत ये."

"दादा, तू अजून भावच करतोयस."

"मग राहू दे," म्हणत मी उठलो. सौद्यातून उठलं की समोरचा मागून हाक मारतो, म्हणून दाराशी मी नेहमी पाय रेंगाळवतो. तिथेही रेंगाळवला. काचेतून बघितलं तर तिने कानाला हेडफोन लावले होते.