मालतीकाकूंचं म्हणणं

मालतीकाकूंना दार वाजवणं माहीतच नव्हतं. "मी हाय गो!" म्हणत त्या थेट माझ्या मागे येऊन उभ्या राहायच्या आणि लॅपटॉपकडे बघत विचारायच्या, "आज काय बिघडवलंस?" रोह्याला लागून असलेल्या वरशातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरून काम करणारी मी एकटीच. त्यामुळे माझ्यावर काकूंचा पुरता हक्क.

आमच्या कंपनीच्या साइटवर लोक घरबसल्या फोटो बघून त्यात काय दिसतं ते सांगतात. काकूंना मीच तिथे लावलं. लगेच त्यांनी माहेरच्या, खांब गावच्या चौघीजणींनाही ओढलं. जन्म नवऱ्याच्या डोलवीच्या कारखान्यातल्या शिफ्ट सांभाळण्यात गेलेला, आता भाजीवाल्यालाही ऐकवायच्या, "मी पण कंपनीत हाय!" काय तो तोरा!

आणि एके दिवशी पाचही जणी ब्लॉक! झालं होतं असं, की चौघींतली मंदा बाळंत झाली आणि तिचं काम अर्धवट राहिलं. भातलावणीला गावात सावड करतात, आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या माझ्या. तशीच सावड या बायांनी इथे केली. मंदाच्या खात्यात शिरून आपापल्या फोनवरून तिचं काम उरकलं. मशीनला वाटलं, लबाडी.

ब्लॉक झालेल्यांची माहिती दुसऱ्या प्रोग्रामांना पुरवणारा भाग नेमका मीच लिहिलेला. काकूंनी तो बघायला मागितला. एक नंबर, पुढे 'ब्लॉक: होय'. संपलं.

"एवढंच? का काढलं ते कुठाय? आमचं म्हणणं कुठाय?" काकू कडाडल्या. "पोलीस पण इचारतात गो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांशी कडाकडा भांडून मी दोन रकाने वाढवून घेतले: कारण, आणि कामगाराचं म्हणणं. चौघींनी लिहिलं, चूक झाली, पुन्हा करणार नाही. चौघींची खाती उघडली.

काकूंनी लिहिलं, 'मंदा अडली म्हणून केलं. परत अडली तर परत करीन.'

"काकू, तेवढं दुसरं वाक्य काढा ना!" मी गयावया केली.

"आन उद्या मंदा अडली तर तिला काय सांगू? नाय येत, लिहून दिलंय?"

मला त्यांचा संतापही आला आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटली. साहेबांनी त्यांचं खातं उघडायला नकार दिला.

काकू आता लेकाकडे पनवेलला असतात. खातं बंदच आहे. परवा मंदाला दुसरी मुलगी झाली, तरी तिचं काम एक दिवस अडलं नाही. कोण करतंय ते मला पक्कं ठाऊक आहे. मशीनला अजून कळलेलं नाही, आणि माझ्या तोंडून कळणारही नाही.