टोपी काढून बोलणारे मामा

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायची वेळ आली की मामा आधी डोक्यावरची पांढरी टोपी काढून टेबलावर ठेवत, घोटभर पाणी पीत आणि मगच तोंड उघडत. रहिमतपूरच्या शाळेत ते इतिहास शिकवत. इतिहासात सगळेच मेलेले, त्यामुळे टोपी डोक्यावर कमी आणि टेबलावरच जास्त. ती उतरली की आम्ही सावरून बसायचो. मामांच्या कपाळावर घाम आलेला दिसायचा. "त्यो काय उठून उत्तर देणार न्हाई. मग त्याच्या वाटचं आपणच भ्यायला पायजे," असं म्हणायचे.

दहावीपर्यंत मी आजोळीच शिकले. म्हणजे घरातही मामा आणि वर्गातही मामाच, सुटका कुठेच नाही.

वर्गात शाळेच्या संस्थापकांचा मोठा फोटो होता. पदरमोड करून त्यांनी शाळा काढली, पण ठरावीक जातींच्या मुलांना व्हरांड्यात बसवलं. एकदा एकजण म्हणाला, "सर, त्या काळी तसंच असायचं की." टोपी उतरली. "त्यो काळ व्हरांड्यातल्या पोराचाबी व्हता ना रं? त्याला इचारलंस? आन् तवाच दुसरं कुणी येगळं वागत व्हतं का, ते बघितलंस?" जवळच्याच एका गावात त्याच सुमारास एका मास्तरांनी सगळी मुलं एका जाजमावर बसवली होती, हे मामांनी शोधून ठेवलं होतं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मग फोटो काढून टाकू या सर." मामा त्याच्यावरही उखडले. "शाळा नसती तर त्याला नावं ठेवायला तू कुठं शिकला असतास, गड्या? फोटो ऱ्हाऊ दे. व्हरांडाबी ध्यानात ऱ्हाऊ दे."

मला हे फार पटलं होतं, आणि पुढे तेच मामांच्या अंगावर आलं.

आजोबा गेल्यावर आईने बागायती रानातला आपला हक्क सोडला होता. मामा तिला कचेरीत घेऊन गेले, सही झाली, येताना साडी घेतली. आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. मी सांगलीत नोकरीला लागल्यावर एका दिवाळीत आईबरोबर आजोळी गेले होते; मामा घराच्या पुढच्या सोप्यात सुपारी कातरत बसले होते, तेव्हा त्यांना याबद्दल विचारलं.

"तवा समद्याच भणी सोडायच्या, पोरी."

"मामा, तेव्हा दुसरं कुणी वेगळं वागलं होतं का?"

अडकित्ता थांबला. मामांनी स्वतःच्या घरात टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्हता. शेजारचाच. त्यानं भणीला बरोबरीनं दिलं. मी त्याला येडा म्हणालो व्हतो."

त्यांनी तिथल्या तिथे आईला हाक मारली आणि मामी, मुलं, सुना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुजा वाटा तुला देतो." मामी उठून आत गेल्या. आई काय ते समजली. "नको, दादा. सणाला यायला दार उघडं ऱ्हाऊ दे, बास झालं."

तेव्हापासून मामांची झोप उडाली. फोनवर तब्येतीचं बोलणं संपलं की दबक्या आवाजात विचारायचे, "माझ्या माघारी माझं काय सांगशील गं?" मी हसून विषय बदलायची. मला तरी कुठे ठाऊक होतं?

यंदा भाद्रपदात मामा गेले. शाळेत शोकसभा झाली. मामेभाऊ म्हणाला, "आमच्या वडलांनी उभ्या जन्मात कुणावर अन्याय केला नाही." यानंतर मला बोलायचं होतं. गप्प बसावं तर मामांची सगळी शिकवण वाया, बोलावं तर आईचं माहेर तुटणार. शेजारी आई बसली होती. व्हरांड्यात बसलेली तीच, हे तेव्हा लक्षात आलं. 'देतो' म्हणून झालं होतं, पण तिला काय वाटतं ते कुणीच विचारलं नव्हतं.

"आई, तुला ती जमीन हवी होती का?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "पायजे व्हती गं." पदर सोडवून म्हणाली, "सांग जा. पर आपल्या भावकीत एकबी पोर शाळंत जात नव्हती, तवा दादानं मला हाताला धरून नेलं. आदी ते सांग."

मामांची टोपी त्यांच्या फोटोपुढे ठेवलेलीच होती. मला दरदरून घाम फुटला. पाणी प्यायले आणि आधी शाळेचं सांगितलं, मग जमिनीचं. पहिल्या रांगेतल्या मामींनी शेवटपर्यंत मान वर केली नाही.

माणूस गेलेल्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, तो नात्यातल्यांनी न्यायचा असतो. दिवाळी दोन दिवसांवर आली. तिकडून फोन नाही. आईने करंज्या केल्या, नेहमीसारख्या दोन डब्यांत भरल्या, आणि माहेरचा डबा फडक्यात बांधून दाराशी ठेवला आहे.