तांडेलांनी भरलेला फ्रीझर

"टोचा खाली ठेवा, तांडेल! आधी तो टोचा खाली ठेवा!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की आतल्या खोलीत पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. हरी तांडेल उघड्या फ्रीझरसमोर गुडघे टेकून बसले होते. हातात बर्फ फोडायचा लोखंडी टोचा. फ्रीझरच्या तळाशी बर्फाचा जाड थर साचला होता आणि तो एका घावात उडवायचा त्यांचा बेत होता. उभा जन्म होडीवर बर्फ फोडण्यात गेलेला माणूस. त्यांच्या दृष्टीने यात ओरडण्यासारखं काहीच नव्हतं.

"अहो, या बर्फाच्या मागे गॅसची नळी आहे," मी म्हणालो. "पातळ असते. टोचा लागला की गॅस फुस्स. मग यात मासळी नाही, गोधड्या ठेवा."

तांडेलांनी टोचा खाली ठेवला. पण मी त्यांच्या होडीत चपला घालून चढलोय, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या चिलिंग प्लँटवर नोकरी केली. चिलिंग प्लँट म्हणजे कारखान्याला लागणारं थंडगार पाणी बनवणारी यंत्रणा. रिटायर झाल्यावर तिथे जवळच सालवडला राहिलो आणि घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं म्हणून घरगुती फ्रीझर दुरुस्त करायला लागलो. बायकोचंही हेच मत आहे, फक्त तिचे शब्द जरा वेगळे आहेत.

किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून फोन आला होता तो तांडेलांच्या बायकोचा, जमनाकाकींचा. "मिस्त्री, वरच्या कप्प्यातली मासळी नरम पडाय लागली. खाली पानी येतं. मोटार थांबतच नाय. एक जण फोनवरच बोलला, गॅस गेला. तुमी येऊन बघा ना."

न बघता फोनवर गॅस गेला म्हणणाऱ्या मिस्त्रींचा मला मनापासून राग येतो. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो.

तिथे पोचल्यावर कळलं की प्रकरण साधं नाही. तांडेलांची एकुलती एक लेक निशा बाळंतपणाला माहेरी आली होती. सासर नाशिककडचं. तिथे मासे मिळतात, पण काकींच्या भाषेत ते "बर्फानं मेलेले". बाळ झालं होतं नुकतंच, मे संपता संपता. आणि आता पावसाळ्याची मासेमारी बंदी लागलेली. होड्या किनाऱ्यावर चढवून प्लास्टिकखाली झाकलेल्या. नारळी पुनवेपर्यंत ताजी मासळी विसरायची.

किनाऱ्यावर बाळंतिणीला मोरी खायला घालतात. मोरी म्हणजे लहान शार्क. आईला दूध उतरतं, असं म्हणतात. लेक घरी, नातवंड पाळण्यात आणि घरात मोरी नाही, हे होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या घराला शोभणारं नव्हतं. म्हणून बंदी लागायच्या आधी त्यांनी हा उभा फ्रीझर घेतला आणि शेवटच्या फेऱ्यांतली निवडक मासळी स्वतःच्या हाताने त्यात भरली. मोरी सगळ्यात वर, कारण ती रोज लागणार. आणि नरम पडत होती ती नेमकी तीच.

मी कामाला लागलो. आधी फ्रीझरच्या बाजूंना हात लावला. दोन्ही भिंती गरम. आतली उष्णता बाहेर फेकली जात होती, म्हणजे गॅस शाबूत होता. मग कान लावला. आतून खर्र खर्र आवाज यायचा, मध्येच बंद व्हायचा. तो पंखा. नंतर वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. दाराचं रबर नीट बसत असेल तर कागद अडकतो. इथे तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. दार उघडून बघितलं तर एका सुरमईचं शेपूट दाराला टेकलं होतं.

"दार पूर्ण लागत नाहीये, काकी. जूनची दमट हवा आत शिरते आणि तिचा बर्फ होतो."

"शेपूट तर आत्ता कापते," काकी म्हणाल्या.

पण गोष्ट शेपटावर संपत नव्हती. मी बॅटरी मारून आत बघितलं आणि बघतच राहिलो. आत एक बोटही शिरायला जागा नव्हती. पापलेट पापलेटाला चिकटून, सुरमयांच्या तुकड्यांच्या मधल्या फटीत बोंबलांच्या पुड्या, त्यांच्या मधल्या फटीत बर्फाचे खडे. मागच्या भिंतीपर्यंत ठासून. इतकं सुबक भरलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि फ्रीझर मरायला टेकला होता तो नेमका त्यामुळेच.

"तांडेल, हे सगळं बाहेर काढावं लागेल."

"काय झालं?"

"फार गच्च भरलंय."

तांडेलांचा चेहरा बदलला. "मिस्त्री, मासळी गच्चच भरतात. फट ठेवली की तितून ती बिघडते. माझ्या होडीतनं नरम मासळी उतरलेली कोनी बगितली नाय अजून. विचारा बंदरावर."

आतून निशाचा आवाज आला. "बाबा, मिस्त्री सांगतात ते ऐका ना जरा."

"तू झोप."

"तुमच्या आवाजात कोण झोपेल?"

लेकीचा शब्द लागू पडला. पण काढलेली मासळी ठेवायची कुठे? तांडेल बाहेर गेले आणि होडीवरची मोठी पेटी घेऊन आले. बंदीत बर्फाचा कारखाना थंडावलेला असतो, तरी ओळखीने बर्फाच्या लाद्या मिळवल्या. त्याच टोच्याने लाद्या फोडल्या आणि पेटी भरायला बसले. खाली बर्फाचा थर, त्यावर मूठभर जाडं मीठ, मग मासळी, मग परत बर्फ. हाताने दाबून, फटीत चुरा सारून. त्यांचे हात चालत होते आणि मला माझ्या प्लँटवरचे जुने फिटर आठवत होते. तोंड बंद आणि काम चोख.

बघता बघता मला कळलं की या माणसाने फ्रीझर मशीनसारखा भरलाच नव्हता. त्यांनी तो होडीच्या बर्फाच्या कप्प्यासारखा भरला होता.

मी फ्रीझर बंद करून आतलं मागचं कव्हर उघडलं. कॉइल, म्हणजे गॅसच्या नळीची गुंडाळी, दिसतच नव्हती. नुसती पांढरी भिंत. पंख्याचं पातं बर्फाला घासत होतं. तळाचं पाणी जायचं भोक खवल्यांनी बुजलेलं, म्हणून वितळलेलं पाणी तिथेच परत गोठत होतं आणि उरलेलं फरशीवर येत होतं. आत गरम पाण्याची पातेली ठेवली, दार लोटलं आणि वाट बघत बसलो. या कामात घाई करणारा मिस्त्री दुसऱ्या दिवशी नवीन कॉइल शोधत फिरतो.

काकींनी चहा दिला. मी मासळी नको म्हणून सोबत नुसती खारी बिस्किटं घेतली. "घाटावरच्याला मोरी काय ठाऊक," त्या हसत म्हणाल्या. मी मटणवाला माणूस, माशातला मला ओ का ठो कळत नाही, हे त्यांनी मी पापलेटाला सुरमई म्हणालो तेव्हाच ओळखलं होतं.

चहा पिता पिता मी तांडेलांना विचारलं, "होडीत गारवा कुठून येतो?"

"बर्फातनं. आनखी कुटनं?"

"बर्फ मासळीला लागून असतो. म्हणून फट नको. बरोबर?"

"तेच तर बोलतो मी."

"यात बर्फ गारवा देत नाही. गारवा त्या मागच्या नळीवर तयार होतो आणि हा पंखा तो हवेने सगळीकडे नेतो. कव्हरच्या जाळीतून वर, मासळीभोवती फिरून, खालून परत मागे. तुम्ही जाळीलाच पापलेटं टेकवली. हवा जाणार कुठून?"

तांडेल उठले. मोकळ्या झालेल्या फ्रीझरमध्ये डोकं घातलं. जाळीवरून हात फिरवला, पंख्याकडे बघितलं, खालच्या फटीत बोटं घालून बघितली.

"म्हंजे याला वारा लागतो," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"मग तसं बोला ना. गच्च भरलंय, गच्च भरलंय काय लावलंय. वारा कुटनं येतो, कुटं जातो, तेवढं सांगा. बाकीचं मी बगतो."

मी हात जोडले. वाऱ्याबद्दल तांडेलाला शिकवणारा मी कोण?

कॉइल मोकळी झाली, भोक साफ केलं, दाराचं रबर कोमट पाण्याने पुसून सरळ केलं. फ्रीझर चालू झाला. पंखा मऊ आवाजात फिरायला लागला. फ्रीझर पुरेसा गार होईपर्यंत थांबायला लावलं. मग तांडेलांनी मासळी परत भरली. मागच्या भिंतीपासून चार बोटं सोडून. प्रत्येक रांगेमागे हात आडवा धरून बघायचे, मगच पुढची रांग. मध्ये मध्ये जाळीच्या तोंडाजवळ हात नेऊन वारा लागतो का बघायचे.

एक दुःख मात्र राहिलं. वरची मोरी नरम पडली होती. वास अजून चांगला होता, पण नरम झालेली परत गोठवायची नसते. ती आजच्या आज शिजवायला हवी, असं मी सांगितलं तेव्हा काकींचे डोळे भरले. लेकीसाठी महिनाभराची म्हणून ठेवलेली मोरी एका दिवसात संपणार होती. तांडेल पाठ फिरवून उगाच पेटी धूत बसले. मलाही वाईट वाटलं. दुरुस्ती झाली तरी काही गोष्टी आपल्या हातात नसतात.

काकींनी मोरी शिजवली आणि आळीत वाटली. संध्याकाळी मी हत्यारं आवरत होतो तर शेजारच्या बायका एकेक करून यायला लागल्या. वाटी परत द्यायला म्हणून आल्या, पण हात रिकामा कुणाचाच नव्हता. कुणाच्या पिशवीत गोठलेली मोरी, कुणाच्या हातात सुक्या बोंबलांची पुडी. "निशाला ठेव गं," एवढंच बोलायच्या. काकी नको नको म्हणत होत्या आणि तांडेल मागून प्रत्येक पिशवी घेऊन फ्रीझरमध्ये चार बोटं मोजत होते.

जुलै संपत आला तेव्हा तांडेलांचा फोन आला. "मिस्त्री, फ्रीझर लई आवाज करतो. या लवकर."

पावसात भिजत गेलो. दार, रबर, पंखा, कॉइल, भोक, सगळं तपासलं. कशातच दोष नव्हता. फ्रीझर जवळजवळ रिकामा होता, एवढंच. घरही शांत होतं. पाळणा दोरी गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला.

"निशा?"

"काल गेली," काकी म्हणाल्या. "जावई न्यायला आलते."

तांडेल फ्रीझरजवळ उभे होते. "आवाज हाय ना पन?"

"आहे," मी म्हणालो. "रिकामा असला की जरा जास्त ऐकू येतो. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, म्हणजे गारवा टिकतो. आणि बंद करू नका."

"बंद कशाला करीन?" त्यांनी दार उघडून मला आत दाखवलं. मधल्या कप्प्यात मोरीची एकच पुडी होती. बरोबर मध्यभागी, चारी बाजूंनी चार चार बोटं सोडून. "पुनवेला येनार हाय ती."

इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला कळलेली गोष्ट सांगतो. आवाजाची तक्रार आली की आधी पंखा बघावा, मग घरात कोण कोण आहे ते बघावं. पंखा ठीक असेल तर दुरुस्ती करू नये. चहा घ्यावा आणि थोडा वेळ बसावं. मी त्या दिवशी बराच वेळ बसलो.