टाचणीचं कटिंग आणि फुकटचे मदतनीस

चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन टाचणीच्या. घडी निम्म्यावर आली आणि तिच्या खोलीतला कॉम्प्युटर टिंग वाजला. तिनं टोकं सोडली आणि पळाली. अर्धी चादर जमिनीवर. मी मनात देवाचं नाव घेतलं, नाहीतर तोंडातून भलतंच निघालं असतं.

टाचणी म्हणजे माझी धाकटी जाऊ. शिवताना ओठांत कायम टाचण्या, म्हणून घरानं ठेवलेलं नाव. टाचण्या तोंडात ठेवूनही ती माझ्यापेक्षा जास्त बोलते.

मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना शर्ट घालणं म्हणजे रोजची झटापट. हात वर जायचा नाही. टाचणीनं त्यांचे सात शर्ट उसवून वाया घालवले आणि आठव्याला जमवलं. पाठीमागून उघडणारा, पण पुढून बघावं तर अगदी ऑफिसला निघालेल्या माणसाचा. त्या शर्टात मामंजी पाहुण्यांसमोर ताठ बसायचे. ते गेले, पण कापड कापायचं ते कागदी कटिंग तिच्यापाशी राहिलं. आता वृद्धाश्रमाच्या सिस्टरनं तसे चाळीस शर्ट मागितलेत, चाळीस वेगवेगळ्या अंगांचे, महिनाअखेरपर्यंत.

एवढे कागद हातानं आखणं होणारं नव्हतं. मग तिनं कुठूनसा एक प्रोग्राम उतरवून घेतला. मापं भरली की कटिंग छापून मिळतं. तेही फुकट! शिवाय तो म्हणे आतून उघडा असतो, कुणीही बघावा, कुणीही सुधारावा.

"कोण करतं हे?" मी विचारलं.

"कुठले कुठले लोक. आपापली कामं सांभाळून."

"आणि त्यांना काय मिळतं?"

"काही नाही, ताई."

इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. देवाला सोडलं तर मागितल्याबरोबर देणारा कुणी मी अजून बघितलेला नाही. आणि देवही लगेच देतो असं नाही.

टाचणीनं मामंजींच्या शर्टाचं कटिंग त्यात बसवलं, आश्रमातली मापं भरली आणि पहिला कागद छापला, बारा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा. छाती बरोबर, बाही बरोबर, पाठ मात्र शाळकरी पोराची. टाचणीनं रागानं त्या लोकांच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, तुमचा प्रोग्राम चुकतो. तासाभरात उत्तर आलं. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं मांजराचं चित्र. 'तुमची फाइल इथे लावा. बघितल्याशिवाय कळणार नाही.'

"इथे म्हणजे?" मी.

"सगळ्यांना दिसेल अशी."

"झालं! म्हणजे एवढ्यासाठी फुकट होतं. उद्या एखादा कारखाना तुझे शर्ट ढिगानं काढेल आणि सिस्टर तुला ओळखही दाखवणार नाही."

दीर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वहिनी, मांजराला शर्ट शिवायचा असेल."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या बायकोची विद्या चाललीय."

टाचणी हसली नाही. आश्रमाचं काम हेच तिचं पहिलं मोठं काम, आणि ते त्या एका कटिंगवर आलेलं. दोन दिवस तिनं टाळलं. मग माझ्याच सांगण्यावरून एक साधा शर्ट लावला, तयार कपड्यांच्या तक्त्यातली मापं घालून. मांजरानं तपासलं आणि कळवलं, 'यात काहीच चूक नाही. तुमची मूळ फाइल हीच का?'

मला वाटलं, पकडलं आपल्याला. टाचणीला वाटलं, आठ दिवस उरलेत. काल जेवणं उरकल्यावर माझ्याकडे न बघता तिनं खरी फाइल लावली. मी देवासमोर जाऊन बसले. पण तिचं वाईट होऊ नये म्हणण्याऐवजी त्या मांजराचंच काहीबाही वाईट व्हावं असं मागून आले, हेही इथं लिहून ठेवते.

आजचं टिंग त्याचंच. चादर तशीच टाकून मीही खोलीत गेले. टाचणी वाचत होती, 'छाती-कंबर पूर्ण लिहिलीत, पाठ निम्मी दिसते. कापड दुमडून कापता म्हणून का? माझी आईही वहीत तशीच लिहायची. पाठ निम्मी करण्याचं काम प्रोग्राम स्वतः करतो.'

टाचणीनं कपाळावर हात मारला. शिवणाच्या क्लासात बाईंनी शिकवलेलं, गोल फिरवलेलं माप पूर्ण लिहायचं, पाठीचं निम्मं. वीस वर्षांत हातानं दुसरं काही लिहिलंच नव्हतं. तक्त्यात पाठ पूर्ण होती, म्हणून तो शर्ट बरोबर आला. मी अडवलं नसतं तर हे चार दिवसांपूर्वीच कळलं असतं.

खाली आणखी होतं. 'मदतीच्या पानावर हे कुठंच लिहिलेलं नाही. तुम्ही लिहाल का? हवं तर तुमची फाइल इथून काढून टाकतो.'

"आधी काढायला सांग," मी म्हटलं.

तिनं टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "राहू दे ताई. मामंजींच्या वेळी मला अशी फाइल कुणी दिली असती, तर सात शर्ट गेले नसते."

"आणि सिस्टरनं काम दुसऱ्याला दिलं तर?"

"देईल. पण मापं कोण घेणार? त्या आजोबांना कूस बदलून द्यायला कारखान्यातून माणूस येणारे?"

मग तिनं मदतीच्या पानासाठी चार ओळी लिहिल्या: पाठ पूर्ण लिहा, दुमडीची निम्मी नको. वाक्यं मी सरळ करून दिली. स्वतःची चूक चारचौघांत टांगायची हौस मला समजत नाही, तसं म्हटलंही. प्रोग्रामवाल्यांनी तासाभरात एक शब्द बदलून त्या ओळी पानावर घेतल्या, आभार मानले. मी माझं नाव घालू दिलं नाही. मांजराच्या चित्रामागे कोण बसलंय, देव जाणे.

टाचणी चपला घालतेय. बाकीच्यांची निम्मी पाठ दुप्पट करून भागेल, पण बारा नंबरच्या खाटेवरचे आजोबा एका अंगाला वाकलेले, त्यांची पाठ तिला आश्रमात जाऊन पुन्हा पूर्ण मोजायची आहे.